आत्याच्या किडनीचा पहिला सण

लिहायला बसण्याआधी माफी मागायला हवी. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. ही गोष्ट खरं तर दोघांनी सांगायला हवी होती. एक माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो. ते म्हणतात, "माझ्या पोटातलं मला दिसलं न्हाई, मी काय सांगू?" दुसरी माझी आत्या. ती सांगते, पण हातात काम घेऊन, आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणापासून सुरुवात करते. म्हणून मी लिहितो आहे. शिवाय या गोष्टीत मी पाच दिवस सलग खोटं बोललो आहे. आत्याने मला माफ केलं आहे, असं ती म्हणते. वाचकांनीही सांभाळून घ्यावं.

आमचं गाव भोंगवली. आत्याला दिली आहे वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. ती आण्णांपेक्षा चार वर्षांनी मोठी. आण्णांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिससाठी पुण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा आईने किडनी द्यायची तयारी दाखवली. पण तिचं रक्त जुळलं नाही. आत्याला कुणी विचारलंच नव्हतं. तीच एका सकाळी एसटीने आली, ओट्यावर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "माझं रगत तपासा." आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामांना विचारलंस का, असं आईने भीत भीत म्हटलं.

"इचारलं की," आत्या म्हणाली. "म्हणलं, तुमी व्हय म्हणताय, का मी तशीच जाऊ?"

ऑपरेशन होळीच्या आसपास झालं. चार-पाच दिवसांनी आत्या भिंत धरून हळूहळू चालत आण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत आली. आत जायची परवानगी नव्हती. तोंडाला मास्क, आवाज अजून बारीक. दारातूनच म्हणाली, "भाऊ, आजपातुर मला लेक न्हवती. झाली तशी तुलाच दिली. नीट नांदव तिला."

आत्याला दोन मुलगे आहेत. मुलगी हवी होती, ती झाली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात किडनीला किडनी कुणी म्हणेना. ती लेक झाली.

आत्याच्या वाडीत फोनला रेंज येते ती एकाच जागी, शाळेच्या वरच्या अंगाला एक सपाट दगड आहे तिथे. गुरं बांधून झाली की आत्या त्या दगडावर उभी राहून फोन लावायची.

"लेक पाणी पिती का?"

"पिती, तीन लिटर पिती," आण्णा सांगायचे.

"रुसली-फुगली न्हाई ना?"

"न्हाई आक्का. खूश हाय."

सुरुवातीला मला याची लाज वाटायची. कॉलेजात मी शुद्ध बोलायचा सराव करत होतो, आणि इथे घरात हे चाललेलं. एकदा किकवीहून येताना एसटीत आण्णांचा असाच फोन सुरू होता. शेजारच्या माणसाने सगळं ऐकून विचारलं, "कुठं दिलीया लेक?" आण्णा म्हणाले, "हितंच हाय, माझ्यापाशी." तो माणूस थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग जावई घरजावई केला म्हणा." आण्णांनी मान डोलावली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पावसाळा लागला, तशी आत्याने नवीन गोष्ट काढली. लग्न झालेली मुलगी पहिल्या पंचमीला माहेरी येते. मग हिलाही यायला हवं. "नागपंचमीला घेऊन ये तिला. आंब्याला झोका बांधणार हाय," ती म्हणाली. आण्णांना वाटलं थट्टा आहे, ते हो म्हणून बसले. पण आत्याने वाडीतल्या बायकांना सांगून ठेवलं, मामांना झाडाला दोर बांधायला लावला, आणि रोजच्या फोनवर पंचमीचे दिवस मोजायला लागली. आण्णांनी डॉक्टरांना विचारलंसुद्धा. जपून गेलात तर हरकत नाही, असं उत्तर मिळालं.

पंचमीच्या आधीच्या आठवड्यात नेहमीची रक्ततपासणी होती. किडनीचं काम कसं चाललंय ते क्रिएटिनिनच्या आकड्यावरून कळतं. आमचा आकडा महिनोन् महिने सव्वाच्या आसपास होता. या वेळी तो दोनच्या वर गेला. आण्णांना काहीही होत नव्हतं. सकाळीच त्यांनी म्हशीला गवत कापून आणलं होतं. पण सोनोग्राफीत किडनीला सूज दिसली आणि त्याच दिवशी त्यांना दाखल करून घेतलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी एक बारीक नळी असते. किडनी बसवताना ती नळी नव्या जागी जोडतात. जोडाजवळच्या टोकाला रक्त जरा कमी पोचतं, आणि काही जणांत ते टोक भरून येता येता आवळतं. मग लघवी पुढे सरकत नाही, किडनीत साचते. बसवलेल्या किडनीला दुखण्याच्या नसा नसतात, म्हणून माणसाला कळतही नाही.

"आणि तसंच राहिलं तर?" मी विचारलं.

"तर किडनी खराब होईल," त्या म्हणाल्या. "म्हणून राहू द्यायचं नाही."

पद्धत अशी होती. आधी कातडीतून सुईने किडनीत एक बारीक नळी सरकवायची आणि साचलेली लघवी बाहेरच्या पिशवीत काढायची. आकडा खाली आला की त्याच भोकातून आत तार घालायची, आवळलेल्या जागेत इवलासा फुगा फुगवून ती रुंद करायची आणि आत एक नळी ठेवून द्यायची. हे जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर पोट पुन्हा उघडावं लागेल.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. बाई गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "आक्काला कळवायचं न्हाई. तिला वाटंल, आपलीच लेक आशक्त निघाली."

सासरी मुलगी आजारी पडली, तर बरी होईपर्यंत माहेरी कळवत नाहीत. आमच्याकडे अशीच रीत आहे. फोनवर आत्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. "तू शिकलायस," आण्णा म्हणाले, "तुला बोलता येतं." माझ्या शिक्षणाचा घरात पहिला उपयोग झाला तो असा.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, आण्णा शेतात आहेत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पेंड आणायला किकवीला गेलेत. तिसऱ्या दिवशी ते झोपलेत म्हटलं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात पाण्याच्या मशीनजवळ उभा असायचो. चौथ्या दिवशी मागे लाऊडस्पीकरवर कुणाला तरी बोलावलं गेलं, तेव्हा आत्याने विचारलं, "कसला रं आवाज?"

"कॉलेजात कार्यक्रम आहे."

"आनि लेक?"

"मजेत आहे."

हे बोलताना माझे कान तापायचे. पलंगावर आण्णांच्या उजव्या कुशीतून नळी निघून पिशवीत गेली होती, आणि आई दर थोड्या वेळाने पिशवीकडे बघत होती. एक गोष्ट मात्र चांगली होती. आकडा उतरत होता. दोनवरून पावणेदोन, मग दीड. म्हणजे किडनी धडधाकट होती, फक्त वाट अडली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या फुगा करून टाकू.

उद्या नागपंचमी होती. आईने मला बाजूला घेतलं. "एक दिवस पुढं ढकलता येतंय का बघ की," ती हळूच म्हणाली. पंचमीला आमच्याकडे विळीला, सुरीला हात लावत नाहीत. भाजी चिरत नाहीत, जमीन खणत नाहीत, तवासुद्धा चुलीवर ठेवत नाहीत. आणि त्याच दिवशी नवऱ्याच्या पोटात काही करणार म्हणजे तिला गोड वाटेना. पण डॉक्टरांना हे सांगायचं धाडस तिला नव्हतं, आणि मला तर मुळीच नव्हतं. मी बी.ए. करणारा मुलगा; बाई काय म्हणतील, या विचाराने मी गप्प राहिलो.

त्याच दुपारी, नेहमीची वेळ नसताना, आमच्या शेजारच्या काकूंच्या नंबरवरून फोन आला. काकू आमच्या म्हशीचं बघत होत्या, म्हणून मी लगेच उचलला. पलीकडे आत्या होती.

"कुठं हायस रं?"

"घरीच आहे, आत्या."

"व्हय? मग दार उघड. मी वट्यावर बसलीया."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लेकीला न्यायला मुराळी पाठवायचा आसतो," आत्या म्हणाली. "म्हणलं, दुसरा कुणी कशाला, मीच जावं. आनि हितं बघती तर कुलूप."

"आण्णा शेतात…"

"शेतात जाऊन आले. तुमची म्हस तेवढी वळखीची निघाली, पर तिनंबी काय सांगितलं न्हाई." मग तिचा आवाज बदलला. "कंच्या दवाखान्यात हाय?"

मी सांगितलं. तिने फोन ठेवला. संध्याकाळी आण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आता तू दारापाशी बस. पहिलं तुलाच गाठंल ती."

रात्र काकूंकडे काढून पंचमीला सकाळी आत्या आणि मामा आले. आत्याच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. तिने मला ओलांडून सरळ पलंग गाठला. आण्णांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, नळी कुठून निघाली आहे ते बघितलं. मग पायाशी बसली.

"माझ्या लेकीला तरास झाला," ती म्हणाली, "आनि मायेरी सांगावा न्हाई?"

"आक्का, तू घोर करशील म्हणून…"

"मग आता काय नाचतीया का मी?"

मामा म्हणाले, "रात्रीपासनं हे तिसऱ्यांदा हाय. मी समदं ऐकलंय. तुमी नुसती मान हालवा."

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. तासाभरात आण्णांना आत घेणार, असं त्यांनी सांगितलं. आई माझ्याकडे बघत होती, मी फरशीकडे. आत्याने मात्र विचारून टाकलं.

"डाक्टरीणबाई, आज पंचमी हाय. आज चिरायचं न्हाई आसतं."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि आत्याच्या समोर बसल्या.

"मावशी, मी चिरणारच नाही," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांपूर्वी सुईने जे भोक केलं, त्यातूनच तार जाणार. सुरी लागत नाही, टाका पडत नाही. तरी तुम्हाला नको असेल, तर उद्या करू. एका दिवसाने काही बिघडत नाही."

"पाटाचं पाणी तुंबतं ना, तसंच…" असं त्या पुढे समजावू लागल्या, तर आत्या म्हणाली, "पाटाचं मला ठावं हाय. तुमी नळीचंच सांगा."

मग बाईंनी टॅबवर आदल्या दिवशीचा फोटो दाखवला. आत औषध सोडून काढलेला. पांढुरकी किडनी, तिच्यातून खाली उतरणारी रेघ, आणि शेवटी ती रेघ एकदम बारीक झालेली. बारीक झालेली जागा केवढी, तर भाताच्या दोन दाण्यांएवढी.

आत्याने टॅब दोन्ही हातांत धरला. इतक्या महिन्यांत तिने ती किडनी कधी पाहिली नव्हती. आपल्यापैकी कुणीच आपली पाहत नाही.

"हीच का ती?"

"हीच."

"माझ्याकडनं काय उणं राहिलं व्हतं का वो हिच्यात?"

आण्णा उठून बसू लागले. "आक्का, तुझ्याकडनं न्हाई. म्या गवताचा भारा उचलला…"

"दोघांचंही काही नाही," बाई म्हणाल्या. "किडनी उत्तम आहे. बघताय ना, आकडा कसा पटकन उतरला. जोडाची जागा आवळली, एवढंच. आणि लवकर लक्षात आलं, जागा थोडीशीच आहे, त्यामुळे मला बरीच आशा आहे."

आत्या फोटोकडे बघत राहिली. मग टॅब परत देत म्हणाली, "चिरायचं नसंल, तर मग आजच करा. सण हाय लेकीचा. आजच वाट मोकळी हू द्या."

आईने तिथल्या तिथे हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

आण्णांना पूर्ण भूल दिली नव्हती. जागा बधिर केली, थोडी गुंगी दिली. तासाभराने बाहेर आले, ते बोलतच. "फुगा फुगिवला तवा जरा दाबल्यावानी झालं. बाईंनी इचारलं, दुखतंय का. म्हणलं न्हाई, चालू द्या." बाईंनी आत्याला बोलावून दोन फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले. आधीच्यात रेघ तुटल्यासारखी होती. नंतरच्यात ती सरळ खालपर्यंत उतरली होती. आत्याने मामांनाही बोलावलं. "बघा," ती म्हणाली, "कशी झोकात चाललीया."

दुपारनंतर आण्णांना खायची परवानगी मिळाली. आत्याच्या डब्यात पुरणाची दिंडं होती. पंचमीला तळण नाही, भाजणं नाही, म्हणून ही वाफवलेली. बाईंनी एक चालेल म्हटलं, नीट गरम करून. मी कँटीनमधून गरम करून आणलं. आण्णांनी एक खाल्लं, मामांनी चार. पाचव्याला हात घातला तेव्हा आत्या म्हणाली, "तुमाला काय बशिवलंय आत, एवढं खायाला?"

पण हे संपलं नव्हतं. दोन दिवसांनी बाहेरची नळी काढली, पिशवी गेली, आणि घरी सोडताना बाईंनी स्पष्ट सांगितलं. आत ठेवलेली नळी आहे तोवर वाट उघडीच दिसणार. ती दसऱ्यानंतर काढू, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त आणि सोनोग्राफी करू. वाट आपली आपण उघडी राहिली की नाही, ते तेव्हाच कळेल. नाही राहिली, तर पुन्हा फुगा, किंवा मग ऑपरेशन.

ते अडीच महिने मला वाटलं होतं त्यापेक्षा बरे गेले. आई सकाळी आठ आणि रात्री आठच्या गोळ्यांना घड्याळ लावून बसायची. आत्याचा फोन यायचा, आणि आता मी खरं सांगायचो, अगदी नको तेवढं. "आज लघवी अडीच लिटर, थोडी लालसर, पण बाई म्हणाल्या नळी असताना तसं होतं." आत्या म्हणायची, "आता लई खरं बोलायला लागला कालेजवाला." दसऱ्यानंतर नळी निघाली. दुर्बिणीतून काढली, दहा मिनिटंही लागली नाहीत.

शेवटच्या तपासणीचा दिवस आला तो नेमका आत्याचं भात कापायला आलेलं असताना. आत्याने फोनवर फैसला दिला. "भाऊसंगं मी जाणार. मागच्या टायमाला मला कळवलं न्हाईत. आता निकाल मीच ऐकणार पहिली. आनि माझं भात कालेजवाले साहेब कापतील. खोटं बोलल्याचा दंड."

म्हणून त्या दिवशी आण्णा, आई आणि आत्या पुण्यात होते, आणि मी तोरण्याखाली मामांबरोबर खाचरात. इंद्रायणी भाताचा वास सगळीकडे भरला होता. माझी विळा धरायची पद्धत बघून मामा म्हणाले, "लिवतोयस का कापतोयस?" मी एक ओळ कापेपर्यंत त्यांच्या तीन व्हायच्या. आंब्याला पंचमीचा झोका अजून तसाच होता. मी विचारलं, सोडला का नाही. मामा म्हणाले, "म्या सोडाय गेलतो. म्हणाली, हात लावू नगा."

तिथे खाचरात फोन म्हणजे नुसता खिशातला दगड. पण आत्याने जाताना व्यवस्था करून ठेवली होती. शेळ्या घेऊन वर जाणाऱ्या एका बाईला तिने सांगितलं होतं, दुपारनंतर फोन घेऊन दगडावर थांब. जेवण झालं, दोन खाचरं झाली, ऊन कलायला लागलं. मी दर पेंढीला वर बघत होतो. मामा एकदाही बघत नव्हते, पण त्यांचा विळा मंद झाला होता. इतका की मी त्यांच्या बरोबरीला आलो.

आणि मग वरून हाळी आली. डोंगरात अशीच बातमी पोचवतात. एका खाचरातला माणूस ऐकतो आणि खालच्याला ओरडून देतो. दगडावरच्या बाईने शाळेजवळ भात कापणाऱ्यांना हाक दिली. त्यांनी कंबर सरळ करून ऐकलं आणि ओढ्यापलीकडे दिली. तिथल्या दोन बायकांनी मिळून ती खाली सोडली. शब्द अजून आमच्यापर्यंत आले नव्हते, पण सगळ्या उतारावर माणसं उभी राहत होती, विळे हातातच. मामा उभे राहिले. मीही राहिलो.

आमच्या वरच्याच खाचरात एक म्हातारबा होते. त्यांनी कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलं. मग बांधावर पुढे आले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि, आम्ही वीस पावलांवर असताना, अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असं ओरडले:

"सूज न्हाई. आकडा सव्वा. लेक नांदती हाय, आनि भाऊबीजंला मायेरी येतीया. झोका सोडू नगा म्हणं."